गृहभेटीचा अहवाल लिहिताना या चुका टाळा

नंदुरबार, धुळे, जळगावात कुठल्याही सामाजिक संस्थेत नवा कार्यकर्ता रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी जाणकार त्याला सगळे समाज समजावून सांगतो. पावरा कसे, मावची कसे, पारधी कसे, दारू कोणाकडे जास्त, कोणाची मुलं शाळेत टिकत नाहीत. सांगणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. त्यातली काही माहिती खरीही असते. पण महिन्याभरात तीच माहिती अहवालात एखाद्या बाईच्या किंवा मुलाच्या नावासमोर जाऊन बसते, आणि अन्याय तिथून सुरू होतो. समाजाविषयी जे ठाऊक आहे त्यावरून काय विचारायचं ते कळतं. उत्तर मात्र त्या घरातूनच यायला हवं.

'त्यासनं तसंच शे' (त्यांचं तसंच असतं) हे कारण म्हणून लिहिणं

सर्रास होणारी चूक ही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर एखाद्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो, म्हणजे मूल सॅममध्ये, अतितीव्र कुपोषित. आई त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला तयार नाही. शेरा पडतो: 'आई अशिक्षित, समाजात भगतावर विश्वास, सहकार्य नाही.'

त्याच आईजवळ थोडं बसून विचारा. दोन आठवडे केंद्रात राहायचं तर घरची दोन लहान मुलं कोणाजवळ? नवरा बारडोलीकडे ऊसतोडीला गेलाय का, मुकादमाकडून उचल किती घेतलीय? शेळ्या कोण बघणार? मागच्या खेपेला दवाखान्यात तिच्याशी कोण कसं बोललं? भगताकडे ती गेली असेलही. भगत पाड्यातच राहतो आणि तिच्या भाषेत बोलतो. मुलाची भरती बहुतेक वेळा यातल्याच कशावर तरी अडलेली असते. धाकट्यांना सांभाळायला आजी तयार झाली की 'सहकार्य न करणारी' आई जीपमध्ये येऊन बसते.

यावर साधी तपासणी अशी: वाक्यातून समाजाचं नाव काढा आणि उरलेलं वाक्य पुराव्यावर उभं राहतं का बघा. 'वडील दारू पितात' असं लिहायचं तर कोणी पाहिलं, कधी पाहिलं, मुलाच्या जेवणावर आणि शाळेवर त्याचा काय परिणाम झाला, हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते वाक्य अहवालात जाता कामा नये.

चांगल्या शिक्क्याकडे दुर्लक्ष

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात वरपक्षाने देज, म्हणजे वधूमूल्य, द्यायची रीत आहे. त्यावरून आपल्यातले कितीतरी जण ठरवून टाकतात की इथे हुंडा नाही, बायका मोकळ्या, त्यामुळे छळही नाही. मग मार खाऊन आलेल्या बाईला 'तुमच्यात पंच बसून मिटवतात ना?' म्हणून परत पाठवलं जातं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याला हुंड्याची अट मुळीच नाही. देज दिलीय म्हणून तिच्यावर हक्क सांगणारा नवराही असू शकतो, आणि हे ती एकटीच सांगू शकेल.

हेच उलट्या बाजूने रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात होतं. मोठं घर, दारात ट्रॅक्टर, सासरा गावात मान असलेला. कार्यकर्ती चहा घेऊन निघते आणि 'सुखवस्तू कुटुंब, किरकोळ मतभेद' असं लिहिते. सून स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नव्हती. तिच्याशी एकटीशी बोलणं झालेलं नसेल तर ती गृहभेट अपुरीच धरा. मला ही चूक पहिलीपेक्षा जास्त घातक वाटते, कारण ती पकडायला कोणी येत नाही.

एका यादीतले म्हणून एकच धरणं

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल, तडवी भिल्ल, भिलाला, पावरा, वसावे हे सगळे एकाच नोंदीत येतात. पण धडगावचं पावरा कुटुंब आणि यावलचं तडवी कुटुंब यांची भाषा वेगळी, देवधर्म वेगळा. तडवींपैकी बरेच मुसलमान आहेत. नाव ऐकून 'तुम्ही एसटी कसे?' असं विचारणारे कार्यकर्ते भेटतात. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. दुभाषा नेतानाही 'आदिवासी भाषा येते' एवढ्यावर भागवू नका. पावरी बोलणाऱ्या बाईपुढे मावची येणारा माणूस बसवून काय साधणार?

'मी सगळ्यांना सारखंच वागवतो' यावर थांबणं

शिक्के नकोत म्हणून समाजाचा इतिहासच विसरणं हीसुद्धा चूक आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं; तो 1952 मध्ये रद्द झाला, पण संशय गेला नाही. पारधी वस्तीत जीप थांबल्यावर दार लागलं तर त्याला 'माहिती लपवतात' म्हणू नका. पायी जा, ओळखीच्या माणसाबरोबर जा, दुसऱ्यांदा जा. आणि 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय घडलं ते प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. तेवढ्यावर भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते कोण, कुठले, हे विचारून खात्री करण्याइतकाही धीर जमावाने धरला नाही.

जुन्या अहवालात असं वाक्य सापडलं तर

फाइल पुढे सरकते तसं एकाचं वाक्य दुसरा उतरवतो आणि तिसऱ्या अहवालात तेच 'पूर्वीच्या नोंदीनुसार' म्हणून येतं. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 3 मध्ये भेदभाव न करणं आणि कलंक लावणारी भाषा न वापरणं ही तत्त्वं दिलेली आहेत, त्यामुळे बाल कल्याण समितीपुढे अशी भाषा बदलायला तुमच्याकडे आधार आहे. जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. नव्याने गृहभेट करून तारीख घातलेलं पुरवणी टिपण जोडा: जुनं वाक्य काय होतं, ते कशावर आधारलेलं होतं, आता प्रत्यक्ष काय दिसलं, कोणाशी बोलणं झालं. सादर करण्याआधी टिपण त्या घरात त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, आणि 'असं नाही ताई' म्हणाले तर तेही त्यांच्याच शब्दांत खाली लिहा. हिंसाचाराच्या प्रकरणात मात्र ते फक्त तक्रार करणाऱ्या बाईलाच, तेही घराबाहेर वाचून दाखवायचं.