पार्किंग लाइटचा बल्ब घरीच बदला
गाडीची पुढची पार्किंग लाइट गेली की बहुतेक वेळा नुसता बल्ब उडालेला असतो. त्यासाठी गॅरेज कशाला? बऱ्याच गाड्यांना १२ व्होल्ट, ५ वॅटचा बिनटोपीचा (बुडाला धातूची टोपी नसलेला) काचेचा बल्ब लागतो. दुकानात ‘टी-१०’ म्हणून मागा, जुना सोबत न्या.

१. लाइट बंद करून बल्ब निवू द्या.
२. बॉनेट उघडा. हेडलाइटच्या मागचा छोटा होल्डर घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवला की निघतो.
३. बल्ब सरळ ओढा, पिळू नका. हात पोचतो पण पकड मिळत नाही, ही खरी अडचण. बल्बवर घट्ट बसेल असा रबरी नळीचा तुकडा चढवून ओढा. नवाही तसाच बसवा.
४. होल्डर लावण्याआधी लाइट पेटते का बघा. नवा बल्ब एलईडी असेल आणि पेटला नाही तर उलटा करून बसवा.

जास्त वॅटचा बल्ब मात्र घालू नका, होल्डर वितळू शकतो.