ओल्या दाण्यांचं पास्ता ए फाजोली, चुलीवरच्या आमटीसारखं निवांत

नावाला घाबरू नका, फाजोली म्हणजे आपला घेवडाच. इटलीत हे गरिबाघरचं पोटभरीचं जेवण, नेपल्सकडे ‘पास्ता ए फसूले’ म्हणतात, उत्तरेला वेनेतोत लामोनचा घेवडा घालतात. उन्हाळा सरता सरता तिकडच्या बाजारात बोरलोटी जातीच्या घेवड्याच्या ओल्या शेंगा येतात, फिकट सालीवर गुलाबी फराटे, आणि तेव्हाच हे करून बघायचं, कारण ओले दाणे भिजत घालायची भानगडच नाही.

1 किलो शेंगा घ्या, सोलून साधारण अर्धा किलो दाणे निघतात, चौघांना भरपूर. सोलताना कच्चे दाणे तोंडात टाकू नका, पोट बिघडतं. आणि हो, दाण्यावरची ती सुंदर नक्षी शिजल्यावर पार जाते, सगळे एकजात तपकिरी. पहिल्यांदा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं.

आता जाड बुडाच्या पातेल्यात 3-4 चमचे ऑलिव्ह ऑईल, त्यात कांदा, गाजर, सेलरी अगदी बारीक चिरून मंद गॅसवर 10-12 मिनिटं परता. लाल करायचं नाही, नुसतं मऊ पडू द्या, घाई केली की चव गेली. मग 2 लसूण पाकळ्या ठेचून, रोझमेरीची एक काडी, चमचाभर टोमॅटो पेस्ट. (तिकडे बरेच जण पँचेटा म्हणजे डुकराचं खारवलेलं मांसही घालतात, नाही घातलं तरी काही अडत नाही.)

दाणे आणि दीड लिटर पाणी घाला, पार्मेसान चीजची उरलेली साल असेल तर खरवडून तीही टाका, सगळा रस्सा बदलतो. एक दणदणीत उकळी 10 मिनिटं, मग झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर अजून अर्धा तास. दाणा बोटाने चेपला की लोणी व्हायला हवा. मीठ शेवटी, कारण सालही खारट असते आणि पाणीही आटतं.

साल आणि काडी काढा, अर्धे दाणे मिक्सरमधून फिरवून परत ओता. घट्टपणा येतो तो इथूनच, क्रीम वगैरे कोणी सांगितलं तर ऐकू नका. मग 150 ग्रॅम डिटालिनी (म्हणजे छोट्या नळ्यांचा पास्ता) त्याच रश्श्यात शिजवा, वेगळं उकडून गाळायचं नाही, आणि ढवळत राहा नाहीतर बुडाला लागलंच म्हणून समजा. पास्ता जरा कच्चट असतानाच गॅस बंद, 10 मिनिटं झाकून ठेवा. वाढताना वरून कच्चं ऑलिव्ह ऑईल आणि मिरपूड.

इकडे बोरलोटी कुठली मिळायला, तर साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा किंवा चित्रा राजमा घ्या, जात तीच. फक्त रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि शिजायला जास्त वेळ धरा.

उरलं तर दुसऱ्या दिवशी पिठल्यासारखं घट्ट होतं, कपभर गरम पाणी घालून सैल करा.