तू बिश्वातचा मलिदा आणि फळांचं ताट: तयारीची यादी

हिब्रू शेवात महिन्याची पंधरावी तिथी म्हणजे तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष. झाडाचं फळ कोणत्या वर्षाच्या दशमांशात मोजायचं, याची हद्द या तिथीला पडते. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू, याच दिवशी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचा उरूस करतात. त्यामुळे इथल्या घरात फळांच्या शेजारी गोड पोह्यांचा मलिदाही लागतो.

सगळ्यात आधी तारीख बघा, कारण बाकीची यादी तिच्यावरच बेतलेली आहे. २०२७ मध्ये ही तिथी २३ जानेवारीला, शनिवारी येते. दिवस आदल्या सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ (काम आणि विस्तव वर्ज्य असलेला आठवड्याचा विसाव्याचा दिवस) आणि सण एकदमच लागणार. खोबरं खवणं, मनुका पिळणं, गॅस पेटवणं हे सगळं शुक्रवारी सहाच्या आत आटोपायला हवं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली अशी श्रद्धा आहे, तिथे जायचं असेल, तर शब्बाथ पाळणाऱ्यांनी गाडी रविवारची ठरवावी.

खरेदी बुधवार-गुरुवारची. तोरा या ज्यू धर्मग्रंथात गौरवलेल्या सात पिकांपैकी फळं पाच: जैतून (ऑलिव्ह), खजूर, द्राक्षं, अंजीर, डाळिंब. जैतून बरणीतले चालतात, पण खारट पाणी काढून तासभर साध्या पाण्यात ठेवा, नाहीतर पुढच्या गोड फळांची चव जाते. बाकी ताट हंगामावर सोडा. जानेवारीत बोरं, पेरू, चिकू, संत्री, स्ट्रॉबेरी सहज मिळतात. परदेशी फळांवर पैसे घालण्याची काहीच गरज नाही. मात्र एक फळ असं राखून ठेवा, की जे या हंगामात घरात कोणी अजून चाखलेलं नाही. नव्या फळाची ‘शेहेहेयानू’ ही बराखा, म्हणजे आशीर्वचन, त्याच्यावर म्हणता येते.

फळं निवडायला वेळ काढा, घाई नेमकी इथेच नडते. कीड खाणं निषिद्ध आहे आणि नेमकी मानाची फळंच किडकी निघतात. प्रत्येक खजूर उभा चिरून, बी काढून, उजेडात उघडून पाहा. आत काळी भुकटी किंवा जाळं दिसलं तर टाकून द्या. सुकं अंजीर आडवं फाडून आतली बाजू उलटवा. बोरं अख्खी कधीच मांडू नका, फोडूनच ठेवा. स्ट्रॉबेरीचा देठ थोड्या गरासकट कापा, मिठाच्या पाण्यात पाचेक मिनिटं बुडवा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा.

साधारण पंधरा जणांच्या मलिद्याला अर्धा किलो जाडे पोहे, एक मोठा नारळ, पाव किलो साखर, बदाम-पिस्ते-बेदाणे प्रत्येकी मूठभर, चमचाभर वेलचीपूड आणि जायफळ किसून पाव चमचा. पातळ पोहे घेतलेत तर त्यांचा लगदा होतो. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्या. दाबल्यावर दाणा मोडला पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये. आधी पोहे आणि खोबरं कालवा, साखर सगळ्यात शेवटी, वाढण्याच्या तासभर आधी घाला. लवकर घातली की ती पाणी सोडते आणि तळाशी पाक साचतो. खोबरं सकाळी खवलंत तर फ्रिजमध्येच ठेवा, दुपारच्या उकाड्यात ते आंबतं. तूप किंवा दूध अजिबात नको: जेवणात मटण असलं तर दुधाचा पदार्थ त्याच्याबरोबर चालत नाही, नारळाचा मलिदा मात्र कुठल्याही जेवणात बसतो.

किद्दूशला, म्हणजे प्याल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या प्रार्थनेला, घरचं मनुकांचं शेरबत. पाव किलो काळ्या मनुका धुऊन लिटरभर पाण्यात गुरुवारी रात्री भिजवा, बाहेर न ठेवता फ्रिजमध्ये. सकाळी कुस्करून मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. इस्राएलमधल्या सफेद (त्सफात) गावच्या काबालापंथीयांच्या, म्हणजे ज्यू गूढवाद्यांच्या, रीतीने चार प्याले करायचे असतील, तर किसमिसांचं फिकट शेरबत वेगळं काढा: पहिला प्याला फिकट, दुसऱ्यात थोडं गडद, तिसऱ्यात गडद जास्त, चौथा पूर्ण गडद. त्या रीतीत फळंही तीन गटांत येतात: वरून साल किंवा कवच टाकायची (डाळिंब, संत्रं, बदाम), आतून बी टाकायची (खजूर, जैतून, बोर) आणि सगळंच खायची (अंजीर, बिनबियांची द्राक्षं).

मांडताना मधोमध मलिदा, भोवती फळं, प्रकार पाच किंवा सात, विषमच. वर गुलाब किंवा सब्जाची डहाळी. केळी आणि सफरचंदं अगदी शेवटी चिरा, लिंबू चोळा.

बराखांचा क्रम कागदावर लिहून ठेवा, कारण ऐनवेळी वाद इथेच होतो. झाडाच्या फळांची आधी आणि तीही जैतूनवर. जैतून नसेल तर खजुरावर, मग बाकीची फळं त्याच बराखेत येतात. केळं आणि स्ट्रॉबेरी वनस्पतीशास्त्रात काहीही असोत, त्यांची बराखा जमिनीच्या पिकाची आहे, ती नंतर. शुक्रवारी पावावर ‘हामोत्सी’ ही बराखा म्हणून जेवण झालं, तरी शेवटी फळं खाताना त्यांची बराखा वेगळी म्हणावी लागते. उरलेला मलिदा झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दुपारपर्यंत संपवा.