काजवे पाहायला जाताना या चुका टाळा

रोहिणी नक्षत्र लागून वळवाच्या दोन-चार सरी पडल्या, की अकोले तालुक्यातील भंडारदरा, घाटघर, साम्रद, रतनवाडी, पेंडशेत या परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लुकलुकू लागतात. मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत, म्हणजे साधारण मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, ते दिसत राहतात. यातील बराचसा प्रदेश 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हंगामातल्या शनिवार-रविवारी मुंबई, पुणे आणि नाशिकहून तेथे गाड्यांची रीघ लागते. गावातील वाटाड्यांबरोबर पर्यटकांचे गट घेऊन मी या दिवसांत हिंडतो आणि दर हंगामात त्याच त्या चुका होताना पाहतो. बहुतेक जण वाईट हेतूने वागत नाहीत, समोर नेमके काय चालले आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून ते आधी सांगतो.

झाडावर दिसणारा प्रकाश म्हणजे विणीचा हंगाम आहे. काजव्याची अळी ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात कित्येक महिने गोगलगायी व तत्सम मऊ अंगाचे जीव खाऊन वाढते आणि पूर्ण वाढ झालेल्या काजव्याला त्यानंतर जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. तेवढ्या अवधीत नराने ठरावीक लयीत चमकायचे, मादीने त्याला उत्तर द्यायचे, मिलन व्हायचे आणि मादीने ओल्या जमिनीत अंडी घालायची असा सगळा क्रम असतो. एकमेकांना शोधण्यासाठी त्यांच्याकडे त्या मंद पिवळसर-हिरव्या प्रकाशाखेरीज फारसे काही नसते आणि तो प्रकाश दिसण्यासाठी भोवती पुरता अंधार लागतो.

पांढरा उजेड घेऊन जाणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत सर्रास होणारी चूक ही आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यातील एका शनिवारी आम्ही एका गावाबाहेर, शेताच्या कडेच्या जुन्या हिरड्यासमोर उभे होतो. झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एका लयीत उजळत आणि विझत होते. तेवढ्यात मागून एक मिनीबस आली. बायकामुलांना उतरताना वाट दिसावी म्हणून चालकाने हेडलाइट चालूच ठेवले, दोघा-तिघांनी मोबाइलचे टॉर्च थेट फांद्यांवर रोखले आणि एकाने फ्लॅश मारून फोटो काढायला सुरुवात केली. काही क्षणांत लय मोडली, मग चमकणे तुरळक झाले आणि अखेरीस झाड काळेठिक्कर पडले. आमच्याबरोबरचे वयस्कर महादेव कोळी बाबा पुढे होऊन म्हणाले, "पोरांनो, दिवं मालवा आन् घडीभर गप उभं राव्हा, मंग बघा." चार-पाच मिनिटे वाट पाहून ती मंडळी "इथे काहीच नाही, पुढच्या गावात जाऊ" असे म्हणत बसमध्ये चढली. बस वळणाआड गेल्यावर बऱ्याच वेळाने वरच्या एका फांदीवर पहिले ठिपके दिसले आणि झाड पुन्हा भरायला त्याहून अधिक वेळ लागला. मला हळहळ वाटते ती त्या गेलेल्या वेळाची, कारण काजवे रात्रभर सारख्याच जोमाने चमकत नाहीत. अंधार पडल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास त्यांच्या मुख्य भराचे असतात. एका रात्रीत अशा गाड्या वीस-पंचवीस वेळा येऊन गेल्या, तर त्या झाडावर विणीसाठी काय उरेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

माझी सवय अशी आहे की गाडी गावातच ठेवून पायी जायचे, तेही दिवस मावळण्यापूर्वी, म्हणजे वाट उजेडातच पाहून होते. माणसाच्या डोळ्यांना अंधार पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले तरी त्यातली बरीच कमाई जाते. त्यामुळे फोन बंद करून खिशात ठेवणे हे काजव्यांइतकेच आपल्याही हिताचे आहे. विजेरी लागतेच, कारण पावसाच्या तोंडावर साप आणि विंचू बाहेर पडतात. मात्र तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाच्या दोन-तीन घड्या रबराने बांधाव्यात आणि झोत पायांपुरता जमिनीवर ठेवावा. मंद लाल प्रकाशाचा काजव्यांना पांढऱ्यापेक्षा पुष्कळ कमी त्रास होतो. तोही झाडाकडे वळवू नये.

झाडाखाली शिरणे

उजेड निदान मालवता येतो, पायाखाली झालेले नुकसान मात्र तसे मागे घेता येत नाही. काजव्यांनी भरलेले झाड दिसले की माणसे बुंध्यापर्यंत जातात, फांदी हलवतात, खाली सतरंजी टाकून आडवी होतात. वर चमकणारे बहुतांश नर असतात, तर माद्या पुष्कळदा खाली गवतात किंवा झुडपांच्या पानांवर बसून उत्तर देतात, म्हणजे नेमक्या आपण पाय ठेवतो त्या जागी. पुढच्या पिढीची अंडीही तिथल्याच ओल्या मातीत पडायची असतात. वळवाने नुकतीच भिजलेली माती तुडवली की दाबून घट्ट होते, पालापाचोळा चिखलात मिसळून जातो आणि अळ्यांचे खाद्य असलेल्या गोगलगायींचा आसराही त्याबरोबरच जातो. एका मोठ्या झाडाभोवतीचे गवत हंगामाच्या सुरुवातीला गुडघाभर होते आणि दुसऱ्या रविवारनंतर तिथे खळ्यासारखी टणक, उघडी जमीन झाली होती, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून मी गटाला पायवाटेवरच थांबवतो आणि झाडापासून तीस-चाळीस पावलांच्या आत कोणालाही जाऊ देत नाही. तेवढ्या अंतरावरून झाड उलट अधिक चांगले दिसते, कारण सबंध झाडाची लय एका नजरेत मावते.

गाडी शेतात घालणे हीदेखील याच जातीची चूक आहे. या दिवसांत खाचरांत भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन, तयार केलेला असतो. परक्या माणसाला ती मोकळी जागा वाटते, पण त्यावरून एक चाक गेले तरी शेतकऱ्याची मेहनत वाया जाते.

फोटोवर विश्वास ठेवून येणे

समाजमाध्यमांवर दिसणारे सोनेरी ठिपक्यांनी भरलेले रान हे बहुधा अनेक दीर्घ एक्स्पोजर एकावर एक रचून तयार केलेले छायाचित्र असते. डोळ्यांना तसे कधीच दिसत नाही. तसे दिसेल या अपेक्षेने आलेला माणूस दहा मिनिटांत कंटाळतो, दुसरे झाड शोधू लागतो आणि त्या शोधात विजेरी पेटवतो. ज्यांना खरोखर छायाचित्रण करायचे आहे त्यांनी संधिप्रकाशातच ट्रायपॉड लावून फोकस निश्चित करावा, रिंगवर चिकटपट्टी मारावी, कॅमेऱ्याचा पडदा बंद ठेवावा आणि जागा बदलू नये. अग्रभाग उजळण्यासाठी झाडावर टॉर्च फिरवण्याची युक्ती मला अजिबात मान्य नाही. ज्या छायाचित्रासाठी विषयालाच गप्प करावे लागते, ते न काढलेले बरे.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

काजवे बाटलीत भरू नयेत, मुलांच्या हौसेसाठीही नाही. डास मारण्याचे फवारे कीटकांमध्ये भेद करत नाहीत. पूर्ण बाह्यांचे कपडे पुरतात. गाडीतील गाणी गावाच्या वेशीवरच बंद करावीत, कारण तिथली माणसे पहाटे उठून शेतावर जाणारी असतात. वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या आपल्याबरोबर परत न्याव्यात.

मुक्काम आणि दिवस निवडताना होणारी घाई

दुपारी शहरातून निघून, वाटेत जेवून, रात्री साडेदहाला पोहोचायचे आणि पहाटेपर्यंत घरी परतायचे, ही सहल मला मुळातच चुकीची वाटते. मुख्य भर तोवर ओसरू लागलेला असतो आणि उरलेला वेळ अरुंद रस्त्यावरील वाहनकोंडीत, एकमेकांच्या हेडलाइटच्या झोतात जातो. शक्य असल्यास आठवड्याच्या मधला दिवस निवडावा, अमावास्येच्या आसपासचा मिळाला तर उत्तमच, आणि मुक्काम गावातील घरात करावा, म्हणजे पैसाही गावात राहतो. जागा ठरवण्यापूर्वी मी फोनवर एकच प्रश्न विचारतो: अंधार पडल्यावर बाहेरचे दिवे बंद ठेवता का? तंबूंभोवती दिव्यांच्या माळा आणि अंगणात हॅलोजन लावणाऱ्या ठिकाणी मी गट नेत नाही, आणि का नेत नाही हे मालकाला स्पष्टपणे सांगतो. पाहुण्यांना उजेड आवडतो अशी समजूत असल्यामुळेच तो लावलेला असतो. दोन-तीन घरांनी असे विचारल्यानंतर माळा काढल्या आहेत.

मुक्काम करण्याचे आणखी एक कारण आहे. पहिल्या पावसानंतर रात्री या रस्त्यांवर बेडूक, खेकडे आणि साप मोठ्या संख्येने येतात आणि परतीच्या घाईत असलेल्या गाड्यांखाली सापडतात. सकाळी चहा घेऊन, आठनंतर निघावे.