गावातला राग कुठं साचतो ते शोधा, अन् त्याला बसायला जागा करा

निवडणूक आली की शहरातले पत्रकार विदर्भातल्या गावात येतात, पानठेल्यावर चार जणांसमोर माईक धरतात अन् परत जाऊन लिहितात, कास्तकार नाराज आहे. नाराज तर आहेच, सोयाबीन हमीभावाच्या खाली जाते, पराटीवर बोंडअळी, वावरात रानडुकरं. पण भाव काही आजच पडले नाहीत. आधी ही नाराजी मांडायला गावात चार जागा होत्या, तिथं तिची मागणी व्हायची, आता त्या जागाच गेल्या, म्हणून नालीची तक्रारसुद्धा डायरेक्ट "सारेच चोर" होऊन बाहेर पडते अन् मतदानाच्या दिवशी कधी याला कधी त्याला आपटते. हे आपल्या गावापुरतं तरी बदलावं असं ज्याला वाटते त्याच्यासाठी लिहितोय, कॉलेजची पोरं-पोरी असो, बचत गटाच्या ताई असो की रिटायर्ड गुरुजी.

पहिले वही घ्या अन् गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ, बायांजवळ जाऊन बसा. "गावात कोणत्या संस्था होत्या" असं विचारू नका, काहीच हाती लागत नाही. "संध्याकाळी कुठं बसत होते, भांडण कोण मिटवायचं, खत कुठून यायचं" असं विचारा, मग माणूस मोकळा होतो. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, भजनी मंडळ, वाचनालय, सेवा सहकारी सोसायटी, दूध डेअरी, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून फिरणारे, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात असाल तर मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेची कमिटी. प्रत्येकासमोर लिहा: चालू, बंद, की कागदावर चालू. हा कागदावरचा प्रकार नीट पाहा कारण सगळ्यात जास्त राग तिथंच असतो. तंटामुक्तीची मोहीम 2007 मध्ये आली तेव्हा गावोगाव समित्या झाल्या, आता तुमच्या समितीचा अध्यक्ष कोण हे दहा जणांना विचारून पाहा.

मग एकेक जागा लोकांच्या रागाचं काय करत होती ते समजून घ्या. कापूस एकाधिकार खरेदी योजना घ्या. 1972 पासून कापूस पणन महासंघाला विकायचा, बाहेर विकायची बंदी. योजनेत गोंधळ कमी नव्हते, ग्रेडर ग्रेड पाडायचा, चुकारे म्हणजे मालाचे पैसे लांबायचे, महासंघ तोट्यात गेला, अन् मी काही ती परत आणा म्हणत नाही. पण संकलन केंद्राबाहेर बैलबंड्यांची लाईन लागायची, रात्र रात्र तिथंच, चुलीवर भाकर तिथंच, अन् या लाईनीत चार तालुक्यांचे कास्तकार एकमेकांना भेटायचे. ग्रेड पडली की सगळ्यांची पडायची, भाव सरकारनं ठरवलेला, म्हणजे भांडायचं कोणाशी हे पक्कं माहीत. आंदोलनं त्यातूनच उभी राहिली. 2002 नंतर एकाधिकार मोडला, आज खेडा खरेदीवाला गाडी घेऊन दारात येतो, काटा त्याचा, भाव त्याचा, अन् शेजाऱ्याला काय भाव मिळाला हे शेजारी सांगत नाही. नुकसान तेवढंच, पण आता ते एकट्याचं झालं.

सोसायटीचंही तेच, तिचं पीककर्ज जिल्हा बँकेतूनच यायचं. वर्धा, नागपूर, बुलढाणा या जिल्हा सहकारी बँका डबघाईला आल्या तेव्हा ठेवी अडकल्या, पीककर्ज थांबलं, लोक सावकाराकडे अन् मायक्रोफायनान्सकडे गेले. सोसायटीत निदान आमसभेत उभं राहून गटसचिवाला जाब विचारता येत होता, फायनान्सच्या वसुलीवाल्याला कोणत्या सभेत विचारणार? त्यात 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा अन् पंचायत समित्यांवर प्रशासक बसले, निवडणुका लटकल्या, मधला माणूसच गेला. मग कास्तकार सरळ आमदाराच्या दारात, अन् आमदाराकडे एवढ्या तक्रारी की त्याच्यासाठी लग्नाला हजेरी लावणं सोपं.

आता तक्रारी गोळा करा अन् त्या कुठं सुटू शकतात तशा वाटा. पाणी, नाली, स्मशानशेड, पथदिवे हे ग्रामपंचायतीत. रोहित्र जळालं, पांदण रस्ता अडला, रेशन मिळत नाही हे तालुक्याला. भाव, आयात, विमा हे वर. बऱ्याच गावात वाटता वाटता लोकांच्याच लक्षात येते की मोठा ढीग गावातल्याच गोष्टींचा आहे. हा ढीग हलला तर वरच्या प्रश्नावर भांडायला दम येतो, नाही तर सगळं एकाच शिवीत जाते.

मग एकच जागा धरा, सगळ्या एकदम नको. मी तर ग्रामसभाच सांगीन, कारण ती कायद्यानं आहे, कोणाची परवानगी लागत नाही. वर्षातून किमान 4 सभा घ्याव्याच लागतात, न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. नोटीस 7 दिवस आधी, कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यातला कमी आकडा. खेळ कोरममध्येच होतो. कोरम नाही म्हणून सभा तहकूब, अन् तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग पाच-सात जणांत ठराव होतात अन् रजिस्टर घरोघरी सहीला फिरते. "काऊन जाऊ सभेले, सारं ठरवूनच ठेवलं असते" असं लोक म्हणतात ते खोटं नाही. म्हणून पहिल्या सभेचं टारगेट एकच ठेवा, पहिल्याच तारखेला कोरम. वॉर्डातून चार-चार घरं वाटून घ्या, व्हॉट्सअपवर मेसेज टाकून होत नाही, दारात जाऊन सांगा, दवंडी द्या. तारीख कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या धावपळीत येत असेल तर वेळ संध्याकाळची मागा.

सभेला जाताना कागद घेऊन जा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा अन् खर्च दिसतो, 15 व्या वित्त आयोगाचे पैसे कुठं गेले तेही. दोनच प्रश्न विचारा पण आकड्यासहित, अन् प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, सभा संपायच्या आत वाचून दाखवायला लावा. सोसायटीची आमसभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिथंही हेच करा.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. जुन्या जागा जशाच्या तशा परत आणू नका. पारावर बौद्ध वस्तीतला माणूस बसू शकत नव्हता, बाया तर आसपासही नव्हत्या, त्यांचा राग तेव्हाही होताच फक्त ऐकणारं कोणी नव्हतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे, ती नावापुरती नको, दारूचा अन् पाण्याचा विषय तिथूनच येतो. सभा आळीपाळीनं वेगवेगळ्या वस्तीत घेता आली तर घ्या.

होते का असं कुठं? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. तिथं निर्णय मतदानानं नाही, सर्वसहमतीनं होतात, अन् विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यास गट बसतो. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबू वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हातात आला, पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं ते नुसते बसून बोलत होते. तुमच्या गावाला जंगल नसेल, पण अभ्यास गट करायला जंगल लागत नाही.

पार्टीचे लोक येतील, येऊ द्या, फक्त गमछा बाहेर ठेवून. विधानसभा-लोकसभेच्या वेळी उमेदवाराला गावात सभा घ्यायची असेल तर आधी तुमच्या तीन मागण्या लेखी घेऊन त्यावर सर्वांसमोर उत्तर दे म्हणा, उत्तर लिहून ठेवा, अन् वर्षभरानं तोच कागद घेऊन पाच जण त्याच्या ऑफिसला जा.