ओपीडीत बाईला बसायला काय द्यावं?

प्राथमिक आरोग्य केंद्रावर नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टर मुली मला फोन करतात. तक्रार एकच, "मॅडम, बायका काही सांगतच नाहीत." औषधं पुस्तकात सापडतात. मी सुरुवात फर्निचरपासून करते.

टेबल भिंतीला लावा. टेबल मध्ये आलं की बाई तहसिलीत अर्ज घेऊन आल्यासारखी उभी राहते. तिला स्टूल नको, पाठ असलेली खुर्ची द्या, तुमच्याच उंचीची. (स्टोअरला मागणी पाठवलीत तर वर्षभर येणार नाही. मी घरची नेली होती.) सोबत सासू किंवा नवरा असेल तर हाकलू नका. केसपेपरच्या निमित्तानं सिस्टर त्यांना बाहेर नेतील, हे आधी ठरवून ठेवा. पाच मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात.

ती सांगेल, "कंबर दुखते, अशक्तपणा आहे." लगेच लोहाच्या गोळ्या लिहू नका. अंगावरून पांढरं जातं का, पाळी किती दिवस राहते, पिशवी खाली आल्यासारखी वाटते का, हे तुम्हीच विचारा. तिला त्या शब्दांची चोरी असते, तुम्हाला नाही.

हे मी गडचिरोलीत काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांच्या कामातून घेतलं. गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली त्यांची पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी कुणी तपासलेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. बाकीच्या दुखणं अंगावर काढत होत्या. पुढे गडचिरोलीतच, शोधग्राम या आपल्या संस्थेच्या वसाहतीत दवाखाना बांधताना राणी आणि अभय बंग या दांपत्यानं आदिवासींनाच विचारलं, कसा हवा? मोठी इमारत नको, आपल्या घरांसारखा, नातेवाईक सोबत राहू शकतील असा, असं लोकांनी सांगितलं. तसाच बांधला, नावही त्यांच्या देवीचं, दंतेश्वरी मातेचं दिलं. डॉक्टरनं आपला अधिकार खाली ठेवायचा म्हणजे काय करायचं, ते मला तिथे कळलं.

तुम्हाला इमारत बदलता येणार नाही, पण तपासणीच्या टेबलाचं पायथं दाराकडे असेल तर ते आजच फिरवा. पडदा जमिनीपर्यंत हवा, पांघरायला चादर हवी. एक स्पेक्युलम (आतून तपासायचं उपकरण) तिला नुसता दाखवायला बाजूला ठेवा. "आता हात लावते" असं सांगून मगच हात लावा. ती "थांबा" म्हणाली तर थांबा, चिडू नका, पुन्हा कधी यायचं ते विचारा.

डॉक्टरांची सगळ्यात जास्त मुजोरी चालते ती गर्भपिशवीच्या बाबतीत. "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल" एवढं ऐकलं की बाई डोरलं गहाण टाकून ऑपरेशनला तयार होते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण इतकं वाढलं की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून रिपोर्ट हातात आल्याशिवाय कॅन्सर हा शब्द उच्चारायचा नाही. गोळ्यांनी काय होईल, थोडं थांबलं तर काय होईल, काढली तर पुढे कोणते त्रास संभवतात, हे चिठ्ठीवर मराठीत लिहा, सुवाच्य. वाचता येत नसेल तर आशाताईंसमोर वाचून दाखवा. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची चिठ्ठी तिनं मागायच्या आधी द्या. आणि सोनोग्राफीचा कागद नवऱ्याकडे नाही, तिच्याकडे द्यायचा.