वेग, अंतर, वेळ : समीकरण नेमकं निघतं कुठून?

अंतर = वेग × वेळ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. घोडं अडतं ते समीकरण मांडताना. म्हणून क्ष मानायच्या आधी एकच शोधा: दोन्ही प्रवासांत सारखं काय आहे? अंतर की वेळ? की बेरीज किंवा फरक दिलाय? समीकरण तिथूनच निघतं.

मग तक्ता आखा. प्रत्येक प्रवासाला एक ओळ; वेग, वेळ, अंतर असे तीन रकाने. दोन रकाने गणित वाचून भरायचे, तिसरा सूत्राने.

समजा, एक गाडी ८ वाजता ताशी ४० किमी वेगाने निघाली. दुसरी त्याच ठिकाणाहून, त्याच रस्त्याने साडेआठला, ताशी ६० किमीने. दुसरी पहिलीला कधी गाठेल? गाठते तेव्हा दोघींचं अंतर सारखं. पहिलीचा वेळ क्ष तास, तर दुसरीचा क्ष − १/२. उशिरा निघाली म्हणजे कमी वेळ धावली. ‘उशिरा’ वाचलं की हात अधिक चिन्हाकडे जातो, तो आवरा. आणि १/२ च्या जागी ३० लिहू नका. वेग ताशी असेल तर वेळही तासांतच हवा.

४०क्ष = ६०(क्ष − १/२)
२०क्ष = ३०
क्ष = १.५

उत्तर साडेनऊ. पडताळा: ४० × १.५ = ६०, ६० × १ = ६०. (१.५ तास म्हणजे १ तास ५० मिनिटं नव्हे, हेही सांगावं लागतं.)

आगगाडी फलाट ओलांडत असेल तर अंतर = गाडीची लांबी + फलाटाची लांबी. ताशी किमीचे सेकंदाला मीटर करायला ५/१८ ने गुणा: ७२ चे २० होतात.

‘वेग ताशी ५ किमीने वाढवला तर ३६० किमीला १ तास कमी लागतो’ या प्रकारात वेळांचा फरक दिलेला असतो. मूळ वेग ताशी क्ष किमी मानला तर:

३६०/क्ष − ३६०/(क्ष + ५) = १

कमी वेगाला जास्त वेळ, म्हणून तो अपूर्णांक आधी. उलट लिहिलंत तर डावी बाजू ऋण होते. सोडवल्यावर क्ष² + ५क्ष − १८०० = ०, म्हणजे ४० किंवा −४५. वेग ऋण नसतो, उत्तर ४०.

सरासरी वेगात मात्र भलेभले फसतात. जाताना ६०, येताना ४०, तर सरासरी ५० नाही, ४८. हळू प्रवासात जास्त वेळ जातो. अंतर दिलं नसेल तर १२० किमी माना, दोन्ही वेगांनी भाग जातो: २ + ३ = ५ तास, २४० ÷ ५.